बिझनेस लॅपटॉप : वरचे पस्तीस हजार नेमके कशाचे?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणला माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी, एक सहायक आणि रिटर्नच्या हंगामात हाताखाली एक शिकाऊ मुलगी. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं ज्या मशीनवर आहेत ते तसंच रेटत राहणं मला पटत नाही. म्हणजे नवीन घेणं आलंच.

दुकानदाराने दोन कोटेशनं दिली आहेत. एक नेहमीचा घरगुती वर्गातला, जीएसटीसकट ५९,०००. दुसरा त्याच कंपनीच्या बिझनेस मालिकेतला, ९४,४००. प्रोसेसर जवळपास तोच, रॅम दोन्हीकडे १६ जीबी, एसएसडी दोन्हीकडे ५१२. उलट स्वस्तातल्याचा स्क्रीन मोठा आणि त्याला नंबरपॅडसुद्धा आहे. मी विचारलं, मग वरचे पैसे कशाचे? तर म्हणाला, "मॅडम, बिल्ड क्वालिटी." म्हणजे काय, हे विचारल्यावर त्याने लॅपटॉपच्या पाठीवर टकटक करून दाखवलं.

काम म्हणजे टॅली, एक्सेल, पोर्टलं आणि डीएससीचं टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी). गेम नाहीत, व्हिडिओ नाहीत. रोज आठ-दहा तास वापर. ज्यांनी स्वतःच्या खिशातून बिझनेस लॅपटॉप घेतलाय त्यांनी सांगा, पैसे वसूल झाले का? ऑफिसने दिलेल्याचं कौतुक नको, फुकटचं सगळ्यांनाच गोड लागतं.

तिरकस_रेघ
नाही होत वसूल. धागा बंद करायला हरकत नाही.

मुळामुठा
तिरकसराव, चहा झाला नाही वाटतं अजून. ताई, थांबा जरा, जाणकार दुपारपर्यंत उगवतात इथे.

खरेदीखाते
उगवलो. पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीचं आयटी बघतो, लॅपटॉपची खरेदी माझ्या सहीने होते. कंपन्या हे लॅपटॉप का घेतात ते आधी सांगतो, मग त्यातलं तुम्हाला काय लागतं ते तुम्हीच ठरवा.

आज एका मॉडेलचे पन्नास घेतले की आठ महिन्यांनी त्याच मॉडेलचे आणखी वीस लागतात. घरगुती मॉडेल तोवर बाजारातून गायब झालेलं असतं, बिझनेसमधलं बहुतेक वेळा मिळतं. एकच डॉक (स्क्रीन, कीबोर्ड वगैरे एका वायरीने जोडायचा डबा) सगळ्यांना चालतो. व्हीप्रो (इंटेलची कंपन्यांसाठीची सोय) असेल तर विंडोज उठत नसतानाही मशीन लांबून हाताळता येतं. विंडोज प्रो असल्यामुळे डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला, जोडता येतं, ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनांना एकच नियम, लावता येते. बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट वर्षानुवर्षं येत राहतात. आणि बंद पडलं की इंजिनिअर आमच्याकडे येतो, आम्हाला सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

तुम्हाला घ्यायचाय एक. डॉक नाही, डोमेन नाही, व्हीप्रो तुम्हाला कुणी चालू करून देणार नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त गोष्टींचे पैसे भराल आणि त्यांना हातही लावणार नाही. तुमच्या उपयोगाचं उरतं ते जागेवर येऊन दुरुस्ती, सुटे भाग आणि रोज झिजणारे अवयव, म्हणजे कीबोर्ड आणि हिंज (झाकणाची बिजागरी).

आणि छापील भावात कंपन्या कधीच घेत नाहीत. आमचा डीलर वरून वेगळा भाव मंजूर करून आणतो. एका नगाला तेवढी सूट मिळणार नाही, पण जीएसटी क्रमांक देऊन "व्यावसायिक ग्राहकाचा भाव सांगा" म्हणायला काय जातं?

तिरकस_रेघ
हेच मी एका ओळीत सांगितलं होतं. माझा ३८ हजारांचा लॅपटॉप करोनाच्या आधीपासून चालतोय. एसएसडी टाकली, रॅम वाढवली, बॅटरी बदलली. आमच्याकडे फिरतीवरच्या लोकांना ऑफिसने महागडे बिझनेसवाले दिलेत, ते दर तीन वर्षांनी बदलतात. टिकाऊ आहेत तर बदलता कशाला?

खरेदीखाते
लीज संपते म्हणून. मशीन खराब होतं म्हणून नाही.

निळी_शाई
तिरकस, तुमचा टिकला म्हणून सगळ्यांचा टिकेल असं नाही ना. माझ्या भावाचा तुमच्याच किमतीतला होता. वॉरंटी संपल्यावर झाकण उघडताना कट्ट आवाज आला आणि स्क्रीन एका बाजूने लोंबायला लागली. सर्व्हिस सेंटरने जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घालून नवीन आला असता. शेवटी फेव्हिक्विक आणि चिकटपट्टीवर डिग्री पूर्ण केली त्याने.

सोल्डरकाका
निळी शाई, तुमच्या भावासारखी गिऱ्हाईकं माझ्याकडे रोज येतात. बोर्ड दुरुस्ती करतो, त्यामुळे दोन्ही जातींचे लॅपटॉप आतून बघितलेत. टकटक करून काही कळत नाही, उघडल्यावर कळतं.

हिंजचा स्क्रू कशात बसवलाय ते बघायचं. स्वस्त लॅपटॉपात प्लास्टिकच्या बॉडीत पितळेच्या छोट्या नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि हिंजचे स्क्रू त्यांत. हिंज कालांतराने कडक होतो, आपण झाकण एका कोपऱ्याने उचलतो, सगळा जोर त्या नळ्यांवर. एक दिवस प्लास्टिकसकट उपटून येतात. मी इपॉक्सी भरून देतो, चालतं वर्ष-दोन वर्षं. चांगल्या बिझनेस मॉडेलात खाली धातूची फ्रेम असते, स्क्रू तिच्यात जातात.

कीबोर्ड. ताईंना आठ-दहा तास आकडे बडवायचेत, म्हणून हे महत्त्वाचं. बऱ्याच घरगुती मॉडेलांत कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिबेटांनी वितळवून चिकटवलेला असतो. एक बटण गेलं तरी एक तर पूर्ण कव्हर बदला, नाहीतर माझ्यासारख्याने बसून एकेक रिबेट तासायचा. जुन्या थिंकपॅड, लॅटिट्यूडमध्ये (लेनोवो आणि डेलच्या बिझनेस मालिका) स्क्रू सैल केले की कीबोर्ड हातात. शिवाय काहींच्या कीबोर्डखाली पाणी खाली वाहून जायला वाट ठेवलेली असते. तरी चहा सांडला तर "वॉटरप्रूफ आहे" म्हणत काम चालू ठेवू नका. ती वाट बंद करून उलटा धरेपर्यंतची सवड देते, एवढंच. साखर आत राहिली की महिन्याभराने मी आहेच.

सगळ्यात मोठा फायदा, दुरुस्तीची पुस्तिका. या मालिकांची सर्व्हिस मॅन्युअलं कंपनीच्या साइटवर उघड असतात, कुठला स्क्रू किती लांबीचा इथपर्यंत. सुट्या भागाचा नंबर त्यात सापडतो, तो टाकला की भाग मिळतो.

आता उलट बाजू. जितका पातळ आणि जितका महाग, तितकं हे सगळं कमी होत जातं. एकदम वरच्या पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. १६ घेतली की जन्मभर १६. त्यामुळे "बिझनेस" एवढ्या शिक्क्यावर जाऊ नका, मॉडेल नंबर टाका, सांगतो.

संत्रानगरी
काका, एकदम भारी प्रतिसाद. वाचनखूण साठवली. आमच्या नागपुरात मे महिन्यात पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडते, त्याच्यावर पण लिहा न थोडं.

सोल्डरकाका
त्याला बिझनेस-घरगुती फरक नाही भाऊ. वर्षातून एकदा जाळी साफ करा, दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची पेस्ट बदला, आणि गादीवर ठेवून वापरू नका.

गजरेवाली
पण जाहिरातीत लिहितात ना, लष्करी दर्जाच्या चाचण्या पास? मिल-एसटीडी-८१०एच? मिस्टरांनी त्याच्यावरच घेतला होता.

तिरकस_रेघ
सीमेवर रिटर्न भरायला चांगला.

खरेदीखाते
गजरेवालीताई, ती अमेरिकन संरक्षण खात्याची चाचणीपद्धत आहे. एच ही तिची २०१९ ची आवृत्ती. तापमान, धूळ, हादरे, ओलावा अशा कितीतरी चाचण्या कशा घ्यायच्या ते त्यात दिलंय. पण सैन्य कुणाच्या लॅपटॉपवर शिक्का मारत नाही. कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, स्वतः घेते किंवा प्रयोगशाळेकडून घेववते. त्यामुळे आता घरगुती आणि गेमिंग लॅपटॉपवरही तीच ओळ दिसते. खोटी नाही, पण तिच्यावरून दोघांत निवड होत नाही.

पिंपळपान
तुम्ही सगळे भलतीकडे चाललात. बाईंचं ऑफिस एका जागी आहे ना? मग डेस्कटॉप घ्या! त्याच पैशात दुप्पट वेगाचा येईल, मोठा स्क्रीन, खरा नंबरपॅड, आणि काही बिघडलं तर गल्लीतला पोरगाही दुरुस्त करील. वर एक यूपीएस.

वाशिष्ठीकाठ
पिंपळपान, आधी डेस्कटॉपच होता. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही फायली आणि लॅपटॉप वर नेले, डेस्कटॉप खालीच राहिला. तेव्हापासून जे एका हातात उचलून जिना चढता येत नाही ते ऑफिसात घ्यायचं नाही असं ठरवलंय. शिवाय पावसाळ्यात लाइट जाते ती यूपीएसच्या दहा-पंधरा मिनिटांत येतेच असं नाही. आणि हंगामात रात्रीचं काम घरून.

खरेदीखाते आणि काका, दोघांचे आभार. मॉडेल नंबर दुकानात फोन करून घेते.

पिंपळपान
हे कारण बिनतोड आहे. माघार.

एकटा_सफरचंद
मॅकबुक एअर घ्या. पंखाच नाही, बॅटरी दिवसभर. प्रश्न संपला.

निळी_शाई
टॅली?

एकटा_सफरचंद
व्हर्च्युअल मशीन टाकून...

निळी_शाई
म्हणजे लाखाचा मॅक घेऊन त्यात विंडोज चालवायची, आणि मग डीएससीचं टोकन त्याला सी-पोर्टच्या अडॅप्टरमधून लावायचं. २० तारखेच्या संध्याकाळी, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी. शुभेच्छा.

इसारकाठ
म्युनिकहून. इथे स्वतःच्या पैशाने नवीन बिझनेस लॅपटॉप घेणारे मला फार कमी भेटले. कंपन्यांच्या लीज संपलेल्या मशीनांचा मोठा बाजार आहे, तीन-चार वर्षं वापरलेली, साफ केलेली, वर्षाच्या वॉरंटीसह, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. माझा असाच आहे. भारतातही आता रिफर्बिश्ड भरपूर मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर पूर्वीपासून. मग नवाच कशाला?

(इथला घेतला आणि घरच्यांसाठी नेला तर जर्मन कीबोर्ड असतो, वाय आणि झेडची अदलाबदल. बाबा अजूनही बँकेचा पासवर्ड टाकताना माझा उद्धार करतात.)

सोल्डरकाका
इसारकाठ, सल्ला चांगला आहे, पण इथे बघून घ्यावं लागतं. दुकानातच चालू करून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर मशीन परत द्या, तो बऱ्याच मॉडेलांत बॅटरी-सेल काढून जात नाही. मग विंडोज नव्याने टाकायला लावा, तुमच्यासमोर, इंटरनेट जोडून. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला तर ते मशीन मूळ कंपनीने आपल्या यादीतून काढलेलं नाही. कितीही वेळा फॉरमॅट करा, परत तेच. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल घेऊ नका, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही आकडे दिसतात. शेवटी पांढरा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून डाग बघा.

मुळामुठा
थोडं अवांतर. थिंकपॅडच्या कीबोर्डमधली ती लाल टिकली, बोटाने ढकलून पॉइंटर हलवायची, अजून कोण वापरतं? बोटाला सवय लागली की माऊस नको वाटतो. पहिले थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये काढले. रिचर्ड सॅपर नावाच्या जर्मन डिझायनरचं काम, जपानी बेंटो डब्यावरून सुचलेला काळा चौकोनी आकार. २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला, पण टिकली राहिली.

दुधीभोपळा
टिकली राहिली, एफएन बटणही बरीच वर्षं राहिलं. माझ्या मशीनमध्ये कोपऱ्यात कंट्रोल असायला हवं तिथे एफएन. कॉपी करायला गेलो की भलतंच. वर्षानुवर्षं शिव्या दिल्या.

मुळामुठा
अहो दुधी, बायोसमध्ये दोन्हींची अदलाबदल करायची सोय आहे.

दुधीभोपळा
हे आधी का नाही सांगितलंत कुणी?

खरेदीखाते
मुळामुठा, नावांचं म्हणाल तर डेलने २०२५ च्या जानेवारीत लॅटिट्यूड हे नावच बंद करून डेल प्रो आणलं. आता नवीन कोटेशनात "लॅटिट्यूड" दिसलं तर जुना साठा आहे हे ओळखावं. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव त्या मानाने पाडून मागावा. पण रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे जुन्या भावातला साठा मिळत असेल तर फार ताणूही नका.

संपादक_मंडळ
कृपया मूळ विषयावर यावे. टिकलीसाठी वेगळा धागा काढता येईल.

फोंडेकार
गोव्यातून दोन शब्द. आमच्याकडे, आणि चिपळूणलाही तेच असणार, लॅपटॉपचा शत्रू म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात पोर्टच्या आत हिरवट गंज धरतो. माझा बिझनेसवालाच होता, यूएसबी पोर्ट गंजून गेला. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, महिनाभर बंद ठेवायचा नाही. आणि धातूच्या बॉडीचा घेणार असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वायरिंगच्या घरात चार्जिंगला लावला की मनगटाला बारीक झिणझिण्या येतात. लोक म्हणतात लॅपटॉप खराब, बऱ्याचदा तो भिंतीतला दोष असतो.

गजरेवाली
अय्या, मिस्टरांना ह्याच झिणझिण्या येतात! इलेक्ट्रिशियनला बोलावते.

चाकोरी
इतके प्रतिसाद झाले आणि हिशेब कुणीच मांडला नाही. ताई कर सल्लागार आहेत, पण तरी विचारतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी, तो परत मिळतो ना? मी ग्राफिक डिझायनर, माझं अजून रजिस्ट्रेशन नाही. मला घसारा मिळेल का?

वाशिष्ठीकाठ
आता माझ्या अंगणात आलात!

रजिस्टर्ड असाल, कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांच्या ठोक दराच्या योजनेत) नसाल आणि लॅपटॉप धंद्यासाठीच असेल तर जीएसटीचं क्रेडिट मिळतं. म्हणजे ९४,४०० चा मला पडतो ८०,०००, आणि ५९,००० चा ५०,०००. फरक पस्तीसचा नाही, तीसचा. जो जीएसटी क्रेडिटमध्ये घेतला तो परत किमतीत धरून घसारा काढायचा नाही, ही चूक माझ्याकडे येणारे निम्मे लोक करतात. संगणकाला घसारा ४० टक्के, घटत्या शिलकीवर. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. म्हणून मार्चमध्ये "कर वाचवायला" घाईने घेणाऱ्यांना पहिल्या वर्षी २० टक्केच मिळतात.

चाकोरी, तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही, तो त्यात धरलेलाच आहे. मग लॅपटॉप ५० चा घ्या नाहीतर ८० चा, करात काही हलत नाही. आणि रजिस्ट्रेशन नाही तर क्रेडिटही नाही. तुम्हाला फरक पूर्ण पस्तीस हजारांचाच पडणार.

म्हणजे माझ्यापुरता प्रश्न असा: तीस हजार, पाच वर्षं वापरला तर महिना पाचशे. पाचशे रुपयांत मला काय मिळतं?

चाकोरी
फुकट सल्ला मिळाला. फी कुठे पाठवू?

खरेदीखाते
पाचशेत काय मिळतं ते कोटेशनच्या वॉरंटीच्या ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ वाचा. बिझनेस मॉडेललाही कित्येकदा मूळ वॉरंटी वर्षाचीच असते, तीन वर्षांची ऑनसाइट, म्हणजे जागेवर येऊन दुरुस्तीची, वेगळी विकत घ्यावी लागते. दुकानदाराने ९४,४०० मध्ये काय धरलंय?

दुसरं, ऑनसाइट वॉरंटीतल्या "दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी" या शब्दांचा अर्थ तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी असा नसतो. फोनवर तुमच्याकडून दहा गोष्टी करून घेतील, दोष ठरेल, भाग कुठल्या गोदामात आहे ते बघतील, तिथून दिवस मोजायचा. आणि तो पिनकोडवर अवलंबून असतो. पुण्या-मुंबईतले अनुभव इथे सांगून उपयोग नाही. तुमचा पिनकोड त्या यादीत आहे का ते टोल-फ्री नंबरवर विचारा, दुकानदाराला नको.

तिसरं, तुमच्या कामाला फार महत्त्वाचं. एसएसडी वॉरंटीत बदलली तर जुनी कंपनी घेऊन जाते. त्यावर तुमच्या अशिलांचे कागद असतात. जुनी एसएसडी आपल्याकडेच ठेवायची सोय काही कंपन्या जादा पैशात देतात. मागून घ्या.

लालपरी_प्रेमी
बिझनेस लॅपटॉपचं मला असं वाटतं, एसटी आणि खासगी ट्रॅव्हल्समध्ये जो फरक तो. सीट ट्रॅव्हल्सची मऊ, एसीही तिथेच. पण एसटी घाटात बंद पडली तर मागून येणाऱ्या एसटीत त्याच तिकिटावर बसवतात. ट्रॅव्हल्सवाला फोन बंद करतो.

तिरकस_रेघ
मागून एसटी येणार असेल तर. चिपळूणला येते का, हाच तर प्रश्न आहे.

लालपरी_प्रेमी
तिरकसराव पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात.

वाशिष्ठीकाठ
काल-आज फोनवर होते.

मॉडेल नंबर मिळाला, त्यावरून वॉरंटी बघितली. ९४,४०० मध्ये एकच वर्ष. तीन वर्षांची ऑनसाइट आणि अपघाती नुकसानीचं कव्हर घेतलं तर आणखी वर. म्हणजे दुकानदाराने मला फक्त टकटक विकायला काढली होती.

टोल-फ्रीवरच्या मुलाने पिनकोड घेतला आणि सांगितलं की ऑनसाइट आहे, पण आमच्या भागाला दुसऱ्या दिवशी नाही, भाग उपलब्ध असल्यास दोन ते तीन कामकाजाचे दिवस. घरगुती मॉडेलसाठी मला मशीन घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं लागेल, ते कोल्हापूर नाहीतर मुंबई. येण्या-जाण्यात दिवस जातो आणि मशीन तिथेच राहतं, आठवडा ते पंधरवडा धरून चाला असं दुकानदारच म्हणाला.

११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (दोन्ही जीएसटीची महिन्याची रिटर्न), जुलैअखेर आयकर. १८ तारखेला मशीन गेलं तर दोन-तीन दिवस म्हणजेही गेलंच. मला पंधरवड्याचं तर नाहीच परवडत, तीन दिवसांचंही परवडत नाही. मग तीस हजार मी कशासाठी देतेय?

तिरकस_रेघ
टाळ्या. पहिला प्रतिसाद परत वाचावा.

खरेदीखाते
नाही तिरकस, निष्कर्ष तुमचा नाही निघत. निष्कर्ष असा निघतो की ताईंना वॉरंटीपेक्षा दुसरं मशीन हवं. आमच्याकडेही कपाटात काही तयार लॅपटॉप ठेवलेले असतात. इंजिनिअर उद्या येवो की परवा, माणूस अर्ध्या तासात कामाला लागतो.

मी असतो तर बिझनेस मालिकेतला खालच्या पायरीचा घेतला असता. लेनोवोमध्ये थिंकपॅड ई, एचपीमध्ये प्रोबुक, अशा पायऱ्या सगळ्यांकडे आहेत. तो त्या ९४ च्या बराच खाली बसतो. ऑनसाइट वॉरंटी घेऊन, आणि उरलेल्या पैशात आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा एक रिफर्बिश्ड. त्यावर टॅली, डीएससीचे ड्रायव्हर, प्रिंटर, सगळं आधीच टाकून महिन्यातून एकदा चालू करून बघायचा. हंगामात तोच शिकाऊ मुलीला.

सोल्डरकाका
अनुमोदन. फक्त खालच्या पायरीत बॉडी बरीचशी प्लास्टिक असते, हिंज वरच्यांइतका दमदार नसतो. पण रॅमचे स्लॉट असलेलं मॉडेल मिळतं, कीबोर्डही बरा असतो. काही वर्षांच्या मॉडेलांत रॅमच्या दोन्ही पट्ट्या बदलता येतात, काहींत एक सोल्डर आणि एक स्लॉट. मॉडेलच्या पिढीनुसार बदलतं, मॅन्युअल बघा.

आणि एक, एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली की काम सुरू, असं समजू नका. विंडोज ११ मध्ये बहुतेक वेळा ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असते. दुसऱ्या मशीनवर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आज काढून कागदावर छापून कपाटात ठेवा. माझ्यासमोर लोक रडलेत.

गजरेवाली
काका, ती कुठे मिळते? विंडोज होम असलं तरी असते का?

सोल्डरकाका
होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलंय त्या खात्यात की साठवलेली असते. ते खातं भाच्याच्या ईमेलवर काढलेलं असेल तर आधी भाच्याला गाठा.

निळी_शाई
मला मात्र खरेदीखात्यांचं पटत नाही. दोन मशीनं म्हणजे दोन्हींचे अपडेट, दोन्हींचा अँटिव्हायरस, दोन्हीकडे डेटा सारखा ठेवणं. आधीच तीन माणसांचं ऑफिस. त्यापेक्षा एक उत्तम घ्यावा आणि बॅकअप चोख ठेवावा. शिवाय आठ तास टाइप करणाऱ्याला कीबोर्ड आणि स्क्रीन रोज लागतात, इंजिनिअर वर्षातून एकदा. मी स्वतःच्या पैशाने वरच्या पायरीचा घेतलाय, अनुवादाचं काम करते, बोटं दुखायची थांबली. माझे पैसे तिथेच वसूल झाले. वेगाचं म्हणाल तर भाचीच्या स्वस्तातल्याहून तसूभरही जास्त नाही.

चाकोरी
स्क्रीनबद्दल असहमत. बिझनेस लॅपटॉपांच्या साध्या आवृत्तीत कित्येकदा फिकट पॅनल देतात, २५०-३०० निट्स (उजेडाचं माप) आणि रंग अर्धवट. माझ्या कामाला तर निरुपयोगी. त्याच पैशात घरगुतीत ओलेड येतो.

निळी_शाई
एक्सेलला ओलेड कशाला? पण हो, रंगांच्या मापात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर टाळा, अगदी मळकट दिसतं.

वाशिष्ठीकाठ
निळी शाई, कीबोर्डाचा मुद्दा खरा आहे, पण मी ऑफिसात बाहेरचा कीबोर्ड लावते, नंबरपॅडसकट. त्यामुळे चौदा इंचीला नंबरपॅड नाही याचंही दुःख नाही. डेटा सारखा ठेवायचा त्रास आहे हे मान्य, पण टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या ड्राइव्हवर जातोच, तो दुसऱ्या मशीनवर उघडायला कितीसा वेळ लागणार.

९४ वाला रद्द. खालच्या पायरीचं, दोन रॅम स्लॉटवालं मॉडेल मागवायला सांगितलंय, तीन वर्षं ऑनसाइट आणि एसएसडी आपल्याकडे ठेवायची सोय धरून नवीन कोटेशन येईल. "व्यावसायिक ग्राहकाचा भाव" म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण पुण्यातल्या वितरकाला फोन लावला त्याने. ते जुळलं तर रिफर्बिश्ड बघायला पुढच्या महिन्यात पुण्याला येईन, काकांची यादी छापून घेऊन. नाहीच जुळलं तर ५९ वाला आणि रिफर्बिश्ड, वॉरंटीच्या भानगडीत न पडता.

तिरकस_रेघ
शेवटी माझ्याकडेच येणार.

लालपरी_प्रेमी
रिफर्बिश्ड घ्यायला पुण्याला येताना एसटीनेच या.

दुधीभोपळा
कंट्रोल-एफएन बदललं! काय सुख आहे राव. संपादकांनी क्षमा करावी.

मुळामुठा
ताई, बिल घेताना जीएसटी क्रमांक टाकायला मात्र विसरू नका हं, नाहीतर क्रेडिट जाईल.

वाशिष्ठीकाठ
मुळामुठा, हे तुम्ही मला सांगताय? :)